राज्यघटना आपल्या फोनपर्यंत कशी पोचली



आमच्या केंद्रावर तुमचे जे फोन येतात, त्यांतले बरेचसे हल्ली मोबाईलबद्दलच असतात. रेशन दुकानात मशीनवर अंगठा उमटत नाही. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करताना ओटीपी येत नाही. दुकानदाराने आधारची झेरॉक्स घेतली, तिचं पुढे काय झालं कळत नाही. व्हॉट्सॲपवर काही लिहिलं तर पोलीस पकडतील का, अशी भीती वाटते. बोलता बोलता शेवटी प्रश्न येतोच : “ताई, यात आपला काही हक्क असतो का हो? की ते सांगतील तसं करायचं?”

हक्क असतो. आणि तो कुठल्या नव्या मोबाईल-कायद्यातून आलेला नाही. तो २६ जानेवारी १९५० पासून लागू असलेल्या राज्यघटनेतून आला आहे. त्या वेळी मोबाईल नव्हता, इंटरनेट नव्हतं. मग घटना आपल्या फोनपर्यंत पोचली कशी? आजच्या भाषणात आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत. तिच्यात न्यायाधीश आहेत, वकील आहेत, पण त्यांच्याही आधी न्यायालयाचं दार वाजवणारी माणसं आहेत. त्यांत बायका बऱ्याच आहेत.

पाच कलमं लक्षात ठेवली तरी पुरे. कलम १४ म्हणजे कायद्यापुढे सगळे समान. कलम १९ म्हणजे बोलण्याचं, लिहिण्याचं, फिरण्याचं, व्यवसायाचं स्वातंत्र्य. कलम २१ म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. हे हक्क मोडले गेले तर जायचं कुठे? तर कलम ३२ ने सर्वोच्च न्यायालयात आणि कलम २२६ ने उच्च न्यायालयात. ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकर बोलले होते, की सगळ्या घटनेतलं सर्वांत महत्त्वाचं कलम कोणतं असं मला विचारलं तर मी दाद मागण्याचं हेच कलम दाखवेन. घटनेचा आत्मा आणि हृदय तेच आहे. कारण हक्क कागदावर लिहिला आणि दाद मागायला दारच ठेवलं नाही, तर त्या कागदाचा उपयोग काय?

आता एक फारशी न सांगितली जाणारी गोष्ट. खासगीपणाचा विचार घटना लिहितानाच झाला होता. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात लिहिलं होतं, की माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची विनाकारण झडती घेता येऊ नये. कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यात तर पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचाही हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत झडतीविरुद्धच्या हक्काची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती उपयुक्त आहे असं म्हणून मान्य करायची तयारी दाखवली. पण पुढे मतदानात ती नामंजूर झाली. म्हणजे आपलं घर, आपली पत्रं, आपली कागदपत्रं यांना थेट संरक्षण देणारं वाक्य घटनेत यायचं राहून गेलं. ते भरून काढायला पुढे जवळजवळ सत्तर वर्षं लागली.

सुरुवातीला न्यायालयाने नकारच दिला. १९५४ मध्ये झडतीच्या एका प्रकरणात आठ न्यायाधीशांनी सांगितलं, की असा हक्क आपल्या घटनेत घातलेलाच नाही, तर आम्ही तो बाहेरून कसा आणायचा? मग १९६२ मध्ये खडक सिंग यांचा खटला आला. उत्तर प्रदेशातल्या या माणसाला दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडलं होतं, तरी पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. रात्री-अपरात्री दार वाजवायचं, आत आहे का पाहायचं, गावाबाहेर गेला तर मागे लागायचं. सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या फेऱ्या बंद केल्या. पण बाकीची पाळत चालू ठेवली आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असंही लिहून ठेवलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना ते पटलं नाही. त्यांनी वेगळं मत नोंदवलं, की ज्या माणसावर सतत डोळा ठेवला आहे तो मोकळा फिरतो असं म्हणणं खोटं आहे. खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्या दिवशी ते अल्पमतात होते.

पुढचं पाऊल एका पासपोर्टमुळे पडलं. १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने जप्त केला आणि कारण द्यायला नकार दिला. त्या न्यायालयात गेल्या. जानेवारी १९७८ च्या निकालात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं, की नुसता कायदा आहे म्हणून भागत नाही. कायद्याची पद्धत न्याय्य, रास्त आणि योग्य असली पाहिजे. मनमानी चालणार नाही. आणि कलम १४, १९ आणि २१ ही तीन वेगळी डबकी नाहीत, ती एकत्र वाचायची. ‘नियमच आहे’ असं खिडकीवरच्या माणसाने म्हटलं, तरी ‘तो नियम रास्त आहे का?’ असं आपण विचारू शकतो, ते या निकालामुळे.

१९९० मधला एक निकाल आपल्या महाराष्ट्रातल्या खटल्याचा आहे. एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका बाईच्या झोपडीत शिरला. तिने विरोध केला, आरडाओरडा केला. चौकशी होऊन तो बडतर्फ झाला. तेव्हा उच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी रद्द केली. कारण काय, तर ती बाई ‘चांगल्या चालीची’ नाही, तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. बाई कशीही असो, तिच्या खासगीपणात वाटेल तेव्हा कुणी घुसू शकत नाही, तिलाही कायद्याचं तेवढंच संरक्षण आहे, असं सांगून बडतर्फी कायम केली. आज कुणाचे फोटो किंवा चॅट बाहेर काढून ‘ती तसलीच आहे’ असं म्हटलं जातं, तेव्हा आम्हाला त्या झोपडीतल्या बाईची आठवण होते. चारित्र्याचा दाखला दाखवल्यावर मिळणारा हा हक्क नव्हे.

१९९५ च्या निकालामुळे तर तुम्ही आत्ता आमचा आवाज ऐकताय. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि पैसेवाल्यांचीही नको. बोलण्याच्या हक्कात ऐकण्याचा, माहिती मिळवण्याचा हक्कही येतो. त्यानंतर सामुदायिक रेडिओची मागणी जोर धरत गेली. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये आपल्यासारख्या सामाजिक संस्थांनाही परवाने मिळू लागले. म्हणजे कलम १९ आमच्या या खोलीतल्या मायक्रोफोनपर्यंत असं चालत आलं.

१९९६ मध्ये फोनची पाळी आली. राजकीय नेत्यांचे फोन चोरून ऐकले जात असल्याचं उघड झालं होतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने याचिका केली. न्यायालय म्हणालं, घरात किंवा कचेरीत बसून फोनवर बोलणं ही खासगी गोष्ट आहे. फोन ऐकायचाच असेल तर सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण हवं, गृहसचिवांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा हुकूम हवा, तो दोन महिन्यांपुरता आणि सगळा मिळून सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि वर तपासणी समिती हवी. हे नियम नुसते शोभेचे नाहीत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका उद्योजकाचे फोन ऐकण्याचे हुकूम याच निकालाच्या आधारे रद्द केले आणि केलेली रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली.

आता येऊ पालघरला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी सगळं बंद होतं. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केलं. तेवढ्यावर दोघींना अटक झाली. जी कलमं लावली त्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं. इंटरनेटवर कुणाला ‘त्रासदायक’ किंवा ‘फार अपमानकारक’ वाटेल असं काही लिहिलं, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, असं ते कलम. आता त्रासदायक म्हणजे काय? कुणाला वाटल्यावर? त्याला काही धरबंधच नव्हता.

ही बातमी वाचून दिल्लीतल्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पालघरच्या मुलींशी तिचं नातं नव्हतं. त्यांच्या जागी कुणीही असू शकतं, एवढंच तिला दिसलं. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६-अ पूर्ण रद्द केलं. चर्चा करणं, एखादं मत पटवून देणं, मग ते कितीही न आवडणारं असो, हा बोलण्याच्या हक्काचा गाभा आहे. हिंसेला चिथावणी देणं वेगळं, अशी रेघ न्यायालयाने मारून दिली.

पण पुढे काय झालं तेही ऐका. कलम रद्द झाल्यावरही कित्येक पोलीस ठाण्यांत ते लावणं चालूच राहिलं. मेलेलं कलम वर्षानुवर्षं माणसांवर चालत होतं, कारण ते मेल्याचं ठाणे अंमलदाराला माहीत नव्हतं, आरोपीला माहीत नव्हतं आणि कधी कधी वकिलालाही नव्हतं. शेवटी पुन्हा न्यायालयात जावं लागलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा हुकूम द्यावा लागला, की ६६-अ खाली कुणावरही खटला चालवू नका. निकाल लागला म्हणून हक्क आपल्या गावात आपोआप पोचत नाही. तो आपल्यालाच ठाऊक असावा लागतो.

दुसरी वाट नंदुरबार जिल्ह्यातून निघते. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या गावात देशातलं पहिलं आधार कार्ड एका महिलेला देण्यात आलं. मग बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचा फोटो घेणारी यंत्रं सगळीकडे पोचली. रेशन, गॅस, पेन्शन, बँक, मोबाईल, जिथे तिथे आधार. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, याचिका केली : संसदेचा कायदा नसताना लोकांच्या शरीराची माहिती गोळा करता येते का? पुढे आणखी कितीतरी जण न्यायालयात आले. त्यात सरकारने जुना कागद बाहेर काढला. १९५४ चा आठ न्यायाधीशांचा निकाल आहे, १९६२ चा खडक सिंगचा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही.

आठ न्यायाधीशांचा निकाल तपासायला नऊ लागतात. नऊ जण बसले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कलम २१ मध्ये तो आहे आणि बाकीच्या हक्कांतही आहे. सुब्बा राव यांचं अल्पमत पंचावन्न वर्षांनी बरोबर ठरलं. या नऊ जणांत नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणीत कलम २१ स्थगित असताना कुणालाही कोर्टात दाद मागता येणार नाही, असा निकाल १९७६ मध्ये ज्या बहुमताने दिला, त्यात धनंजय यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. तो निकालही या वेळी पुसला गेला आणि तो चुकीचा होता हे मुलानेच लिहिलं.

या निकालाने एक मोजपट्टी दिली. सरकारला आपल्या खासगीपणात हात घालायचा असेल तर तीन गोष्टी हव्यात. एक, तसा कायदा हवा. दोन, हेतू योग्य हवा. तीन, जेवढ्यास तेवढंच घ्यायला हवं. उंदीर मारायला घर जाळायचं नाही. हीच मोजपट्टी लावून सप्टेंबर २०१८ मध्ये आधारचा निकाल आला. आधार टिकलं, सरकारी अनुदान आणि पॅन कार्डासाठी ते चालेल, असं बहुमताने ठरलं. पण बँक खातं आणि सिमकार्ड यांना सक्ती नाही, शाळाप्रवेशासाठी सक्ती नाही, आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ अडवायचा नाही, असंही ठरलं. आमच्यातल्या काही जणींना हा निकाल अपुरा वाटतो, काहींना योग्य. पण सरकारला कारण द्यावं लागलं, आणि काही ठिकाणी मागे यावं लागलं, हे खरं.

२०१७ च्या निकालातली एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम सांगतो. ‘घरातली गोष्ट खासगी असते’ असं म्हणून पुष्कळदा मारझोड झाकली जाते. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिलं आहे, की खासगीपणाच्या आड पुरुषी सत्ता आणि अत्याचार लपवता येणार नाहीत. खासगीपणा घराच्या उंबऱ्याला मिळालेला नाही, घरातल्या प्रत्येक माणसाला मिळाला आहे. सुनेलाही मिळाला आहे.

त्यानंतरची दारं बायकांनीच वाजवली. केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल जमा करायचा नियम केला. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढलं. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत घ्या. निकाल देणाऱ्या न्यायाधीशही महिलाच होत्या. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवर संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेचा निकाल आला. इंटरनेटवरून बोलणं आणि धंदा करणं यांना कलम १९ चं संरक्षण आहे. बंदी बेमुदत घालता येणार नाही आणि बंदीचे हुकूम प्रसिद्ध करावेच लागतील. मात्र इंटरनेट त्याच दिवशी सुरू करा असं काही न्यायालयाने म्हटलं नाही.

आणि अगदी अलीकडचा, ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेली एक महिला बँकेत खातं उघडायला गेली. ई-केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायची होती. ती करू शकत नव्हती. तिची आणि एका अंध व्यक्तीची याचिका ऐकून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसीची पद्धत सगळ्यांना जमेल अशी करा. त्यासाठी वीस सूचना दिल्या. म्हणजे यंत्रापुढे माणूस कमी पडत असेल तर दोष माणसाचा धरायचा नाही. रेशनच्या मशीनवर ज्यांचे झिजलेले अंगठे उमटत नाहीत, त्या मावश्यांनी हे नीट ऐकून ठेवा.

आता मर्यादाही सांगायला हव्यात. हे मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरता येतात. कर्ज देणाऱ्या ॲपने माहिती विकली किंवा नवऱ्याने जबरदस्तीने पासवर्ड घेतला, तर थेट कलम ३२ लावून चालत नाही. तिथे साधे कायदे लागतात. कंपन्यांसाठी संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. संमती घेऊनच माहिती वापरायची आणि दिलेली संमती परत घेता यायची, हे त्याचं मुख्य सूत्र. पण त्यात सरकारला मोठ्या सवलती दिल्या आहेत, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातही बदल केला. खासगी माहितीचं कारण पुढे करून सरकारी यादीतली नावं दडवली जातील का, अशी शंका माहिती अधिकारात काम करणारे लोक घेत आहेत. खासगीपणा सामान्य माणसाला हवा. सरकारच्या कारभाराला नको.

मग आपण काय करायचं? कुणी अंगठा, आधार, फोन किंवा फोटो मागितला, तर ते तीन प्रश्न विचारायचे. कोणत्या कायद्याने? कशासाठी? आणि एवढं सगळं लागतंच का? लाभ नाकारला तर तोंडी ऐकून परत यायचं नाही, नकार लेखी मागायचा आणि त्यावर तारीख घ्यायची. आणि वकिलाला पैसे कुठून आणू असं म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन लावला तरी सांगतात.

तुमच्या गावात अंगठा न उमटल्यामुळे कुणाचं धान्य किंवा पैसे अडले असतील तर नाव, तारीख आणि काय उत्तर मिळालं ते लिहून ठेवा आणि बचत गटाच्या बैठकीला घेऊन या. पुढच्या वेळी आपण अर्ज कसा लिहायचा ते बघू.